जुंपून पाहणे

आपल्या मराठीत तांदूळ निवडतात, भाजी निवडतात, जावई निवडतात आणि अलीकडे मोटारही निवडतात. क्रियापद एकच, पण सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या बाईकडे नीट पाहिले तर एक गंमत ध्यानात येते. ती चांगले दाणे वेचून घेत नाही, खडे तेवढे काढून टाकते. उरले ते निवडलेले. मोटारीच्या दुकानात शिरणारा गृहस्थ मात्र नेमके उलट करतो. तो आधी एका गाडीवर मनाने बसतो, आणि मग तिच्यातले खडे कोणी दाखवू लागला तर त्याच्यावर रागावतो.

ही सुपाची उपमा माझ्याआधी एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाला सुचली होती, हे मला फार उशिरा कळले. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. विकणाऱ्याला आपल्या गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते; म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देऊ लागतो; मग चांगल्या गाडीचा मालक बाजाराकडे पाठ फिरवतो आणि बाजारात खोडीच्या गाड्या तेवढ्या उरतात, असा त्यांचा मुद्दा. त्याच निबंधात त्यांनी हिंदुस्थानातल्या गृहिणीचा दाखला दिला आहे. बाजारच्या तांदळात त्याच रंगारूपाचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि ते तिला बसून निवडावे लागतात! या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या घरोघरच्या सुपाला मात्र अद्याप कोणी काही दिलेले नाही.

परंतु खडे काढायचे म्हणजे ते आधी दिसले पाहिजेत. मोटारीतले खडे दिसावेत कसे? स्वतः चालवून, की चालवणाऱ्यांना विचारून? हा प्रश्न मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कास्तकाराला पूर्वीपासून ठाऊक आहे.

वणीला रंगनाथस्वामींची यात्रा भरते. तिचा बैलबाजार नावाजलेला. तेथे बैल घ्यायला आलेला माणूस पाहावा. तो प्रथम जबडा उघडून दात पाहतो: बैल आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे, की जुळलेला आहे. मग वशिंडावर हात ठेवतो, खूर उचलतो, चार पावले चालवून पाहतो. अंगावरचा भोवरा कोठे आहे तेही पाहतो. भोवऱ्याचा आणि नांगरटीचा काही संबंध नाही हे त्याला कळत नाही असे नव्हे. पण भोवरा न पाहता बैल घरी आणला तर घरची माणसे काय म्हणतील, याचीही काळजी असतेच. (आजही मोटारीच्या नंबराच्या आकड्यांची बेरीज करून पाहणारे सुशिक्षित आहेत, तेव्हा हसू नये.) एव्हाना चार अनाहूत जाणकार भोवती जमलेले असतात. हेडी आपल्या मुलाबाळांच्या शपथा घेतो. भाव रुमालाखाली, बोटे धरून, मुक्याने ठरतो. आणि इतके सगळे झाल्यावरही पैसे काढण्यापूर्वी तो कास्तकार म्हणतो, "जुंपून दाखव." बैलाच्या मानेवर जू येते, गाडीला ओझे भरले जाते, कोठे कोठे तर गाडीची चाके दोराने जखडून बैलाला ती ओढायला लावतात.

पण शहाणा कास्तकार एवढ्यावरही थांबत नाही. बाजाराच्या वाळलेल्या जमिनीवर सगळेच बैल चांगले चालतात. भर आषाढात, काळ्या चिखलात, संध्याकाळच्या वेळी हा बैल मटकन खाली बसतो की काय, हे बाजारात कळणार नाही. ते ज्या गावचा तो बैल, त्या गावच्या माणसाला गाठूनच विचारावे लागते. म्हणजे दात पाहायचे ते स्वतःच्या डोळ्यांनी, बळ पाहायचे ते जुंपून, आणि खोड ओळखायची ती ऐकून. तिन्हींचे काम वेगळे आणि एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. हा साधा हिशेब मोटारीच्या बाबतीत मराठी माणसाला कसा सोडून द्यावा लागला, आणि पुढे तो त्याच्या हाती कसा अर्धाच परत आला, त्याची ही कथा.

मोटारीला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जुंपून पाहिले ते एका बाईने. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी वाहनाचे पेटंट घेतले होते. परंतु गिऱ्हाईक काही येईना. बुवा मोठे बुद्धिमान, पण भिडस्त. १८८८ च्या ऑगस्टात त्यांची पत्नी बर्था हिने नवऱ्याला न सांगता, आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन ती गाडी बाहेर काढली आणि मॅनहाइमहून फोर्त्सहाइम गावी, आपल्या माहेरी, शंभरएक किलोमीटर दूर नेली. वाटेत इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचे द्रावण विकत घेऊन ते टाकीत ओतले. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितले की चढासाठी आणखी एक गिअर हवा. कारखान्याच्या अंगणात पाच वर्षे फेऱ्या मारूनही जे कळले नसते, ते माहेरच्या वाटेने दोन दिवसांत सांगितले. मला या हकिकतीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, तिने गाडी चांगल्या रस्त्यावर नेली नाही. जेथे तिला खरोखर जायचे होते तेथे नेली.

आपल्याकडे मोटार आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. त्या काळी गिऱ्हाईक राजा असे, कारण पुष्कळदा ते खरोखरच संस्थानिक असे. आमचा जिल्हा तेव्हा कापसाच्या गाठी हलविण्याच्या विवंचनेत होता. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची रेल्वे, पुढे सर्वतोमुखी झालेली 'शकुंतला', त्याच सुमारास त्यासाठी घातली गेली. मुंबईत जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये सुटे भाग आणून मोटारी जुळवायला सुरुवात केली आणि पाठोपाठ फोर्डनेही केली. शेवरोलेट, फोर्ड, ब्यूक, मॉरिस, ऑस्टिन अशा गाड्यांच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत येऊ लागल्या. विकणाऱ्यांची तेव्हा चढाओढ होती. पैसेवाल्यापुरती का होईना, निवड होती.

स्वराज्यानंतर ती संपली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने असे धोरण ठरवले की, ज्यांना देशातच मोटार घडवायची नसेल, नुसती जुळवायची असेल, त्यांनी आपला गाशा गुंडाळावा. त्यामागचा हेतू वावगा होता असे मी म्हणणार नाही. देशात पोलाद थोडे, परकी चलन त्याहून थोडे. आणि ज्या देशात एस. टी. गावोगाव पोचली नव्हती त्याने श्रीमंतांच्या मोटारींसाठी डॉलर का खर्चावेत, याला उत्तर देणे कठीण होते. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उरले मुख्यतः तीन कारखाने: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड, आणि मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर. हा तिसरा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभा केलेला. उत्तरपाड्याने १९५७ मध्ये इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून 'अँबॅसडर' काढली, कुर्ल्याची 'फियाट ११००' इटलीच्या मूळच्या गाडीवरून निघाली, आणि मद्रासची 'स्टँडर्ड हेरल्ड' १९६१ मध्ये आली. पुढची वीस-बावीस वर्षे मध्यमवर्गीय मराठी माणसाचे मोटारीचे सगळे विश्व एवढेच.

साऱ्या देशात वर्षाला अर्धा लाखही मोटारी होत नव्हत्या. १९५९ साली सरकारने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणले. गिऱ्हाइकाने अनामत भरायची, नंबर लावायचा आणि वाट पाहायची. विशेषतः फियाटसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलाच्या मुंजीत लावलेला नंबर त्याच्या लग्नाला लागतो, असा विनोद तेव्हा चाले; आणि विनोदात जितकी अतिशयोक्ती असावी त्याहून ती कमी होती. नंबर लागला की गाडी जशी येईल तशी घ्यायची. रंगाचीसुद्धा आवड सांगायची सोय नसे. ज्याने बैल कधी जुंपल्याशिवाय घेतला नाही त्याच्या मुलाने, बैलाच्या कित्येकपट किमतीची मोटार न पाहता, न चालवता, आगाऊ पैसे भरून घेतली. वर पेढे वाटले.

माल हमखास खपतो म्हटल्यावर कारखानदाराचे काय होते ते सांगायला नको. नव्या कोऱ्या गाडीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९६७ मध्ये सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये तिन्ही गाड्यांच्या किमती सरकारी हुकमाने बांधल्या गेल्या. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये निकाल झाला. मोटारीची किंमत ठरवायला न्यायमूर्ती बसले आहेत, हे दृश्य रुमालाखालच्या बोटांपेक्षा भारदस्त खरे, पण गिऱ्हाईक दोन्हीकडे सारखेच बाहेर उभे होते.

अशा काळात मतांना ऊत आला तर नवल नाही. चालवून पाहायची सोय नसली की माणूस बोलून पाहतो. फियाटवाले आणि अँबॅसडरवाले असे दोन पंथ तयार झाले आणि त्यांचे वाद शैव-वैष्णवांच्या निष्ठेने चालत. फियाटवाल्यांचे म्हणणे, आमची गाडी हलकी, चपळ, पेट्रोल थोडे पिते. अँबॅसडरवाल्यांचे म्हणणे, आमच्या गाडीत सबंध वऱ्हाड बसते, आणि खड्ड्यातून गेली तर खड्ड्यालाच लागते. त्यावर फियाटवाले तो सुप्रसिद्ध टोमणा मारीत की, अँबॅसडरचा हॉर्न सोडून बाकी सगळे वाजते. गंमत अशी की, हे वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे दोहोंपैकी एकही गाडी नसे.

तरी त्या मतांना तुच्छ लेखू नये. ती अनुभवाच्या मातीत उगवलेली होती, आणि माती जशी तशी मते. मुंबईच्या डांबरी, अरुंद, गर्दीच्या रस्त्यांवर फियाट शोभली. तेथल्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत ती जवळजवळ एकछत्री झाली आणि तिच्या प्रीमियर पद्मिनी या अवताराची शेवटची टॅक्सी अगदी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली. आमच्याकडची गोष्ट वेगळी. कापसाची काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून हातभर भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दर पावसाळ्यानंतर लाटांसारखा होतो. दारव्हा, पुसद, उमरखेडकडे जायचे तर घाटही आहेत. तेथे उंच पोटाची, जाड पत्र्याची, मागे कमानपाटे असलेली अँबॅसडर आणि तिच्याही पुढे महिंद्राची जीप, यांचाच बोलबाला राहिला, हे काही केवळ पुढाऱ्यांच्या थाटामुळे झाले नाही.

आणि त्या काळचा खरा न्यायाधीश होता मिस्त्री. पानाच्या ठेल्यावर पंथ कोणताही जिंको, अखेरचा शब्द बसस्टँडमागच्या, ग्रीसने माखलेल्या बनियनातल्या माणसाचा. 'कोणती गाडी चांगली' असे त्याला कोणी विचारीत नसे. प्रश्न असा असे की, 'बिघडली तर तुझ्याने येथे दुरुस्त होईल का?' भाग यवतमाळला मिळतो, की अमरावतीहून आणावा लागतो, की नागपूरला माणूस धाडावा लागतो, यावर गाडीची प्रतवारी ठरे. आजच्या कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात इतका शहाणा रकाना मला आढळला नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते देण्यात आली. त्या वर्षी उन्हाळ्यात जेव्हा नोंदणी उघडली तेव्हा दहा हजार रुपये अनामत भरून लाखाच्या वर लोकांनी, एकदाही न चालवता, नावे नोंदवली. सवय जुनीच होती. पण गाडी रस्त्यावर आल्यावर मात्र जुन्या पंथांची भंबेरी उडाली. दोन्ही पंथांनी मिळून तिला काड्यापेटी म्हटले. पत्रा पातळ, चाके चिमुकली, ७९६ सी. सी. चे इवलेसे इंजिन. ही आमच्या रस्त्यावर सहा महिने टिकणार नाही, असे भविष्य गावोगाव वर्तवले गेले. ज्यांनी शेजाऱ्याच्या मारुतीत बसून एक चक्कर मारली त्यांना मात्र एक अद्भुत कळले: सकाळी किल्ली फिरवली की ही गाडी चालू होते! दंडा घालून फिरवावी लागत नाही, ढकलावी लागत नाही. तीस वर्षांची मते पाच मिनिटांच्या फेरीने पाडली. जुंपून पाहण्याची ताकद असते ती अशी. ती काड्यापेटी २०१४ पर्यंत बनत राहिली. अँबॅसडरही त्याच वर्षी बंद पडली.

१९९३ मध्ये मोटारीच्या कारखान्याला परवाना लागण्याची अट उठली आणि परदेशी नावे पुन्हा येऊ लागली. त्या पहिल्या लोंढ्याची गोष्ट थोडक्यात आटपतो, कारण ती काही फारशी सुखाची नाही. कल्याणला प्यूजो निघाली आणि चार वर्षांत बंद पडली. कोरियाची देवू आली, गाजली, आणि कंपनीच बुडाल्यामुळे तिच्या मालकांवर भाग शोधत हिंडण्याची वेळ आली. या गाड्या चालवून पाहिल्या असता उत्तम वाटत, आणि होत्याही. कंपनी पाच वर्षांनी असेल की नाही, हे कोणत्या फेरीत कळणार? 'विकायला गेलो तर किती येतील?' हा प्रश्न मराठी माणूस तेव्हापासून जो विचारू लागला तो आजतागायत.

खरी निवड आली ती १९९८ साली. सप्टेंबरात ह्युंदाईची सँट्रो, मग देवूची मॅटिझ, आणि डिसेंबरच्या अखेरीस पुण्याच्या टेल्कोची इंडिका. झेनएवढा आकार, अँबॅसडरएवढी ऐसपैस जागा, मारुतीच्या आसपास किंमत आणि डिझेलचा खर्च, असा रतन टाटांचा संकल्प होता. पिंपरीत घडलेल्या या गाडीसाठी थोड्याच दिवसांत एक लाख पंधरा हजार लोकांनी पैसे भरले. पहिल्या वर्षात मात्र तक्रारींचा पाऊस पडला: आवाज, हादरे, निरनिराळे भाग निकामी होणे. मत फिरले, आणि मराठी माणसाने तर ते अधिकच जड मनाने फिरवले, कारण ही आपली गाडी होती. मला या प्रकरणात कौतुक वाटते ते कंपनीने पुढे केलेल्या गोष्टीचे. मालकांना बोलावून तक्रारी ऐकल्या, भाग आपल्या खर्चाने बदलून दिले, आणि त्या ऐकण्यातून २००१ मध्ये 'व्ही टू' नावाची सुधारलेली इंडिका काढली. ती कित्येक वर्षे मोठ्या खपाने चालली आणि भाड्याच्या गाड्यांत तर तिने राज्य केले. बर्थाबाईने परत येऊन नवऱ्याला गिअर मागितला, त्याच जातीचा हा प्रकार. मत देणारा शत्रू नसतो, त्याने पैसे भरलेले असतात, हे एका कारखान्याला उमजले.

त्याच घराण्याच्या दुसऱ्या गाडीचे मतांनी काय केले पाहा. जानेवारी २००८ मध्ये नॅनो दाखवली गेली, २००९ मध्ये बाजारात आली. एक लाखाची गाडी म्हणून जगभर नाव झाले. दोन लाखांवर नोंदण्या झाल्या, सोडती काढाव्या लागल्या. काही गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या, त्यांनी नुकसान केलेच. परंतु तिला मुख्यतः मारले ते एका विशेषणाने. 'सर्वांत स्वस्त.' स्कूटरवर चौघे बसून पावसात भिजणाऱ्या कुटुंबासाठी जी काढली, त्याच कुटुंबाला ती दारात उभी करायची लाज वाटू लागली. मोटार ही आपल्याकडे वाहन असते तितकीच ती शेजाऱ्याने पाहायची वस्तू असते. नॅनो ज्यांनी चालवली त्यांपैकी पुष्कळांचे मत चांगले होते, पण न चालवणाऱ्यांची संख्या जास्त होती. २०१८ मध्ये तिचे उत्पादन जवळजवळ थांबले. बैलबाजारातला भोवरा तो हाच.

येथवर फेरी विरुद्ध मत असा सामना रंगला. पण या दोहोंनाही जे दिसत नाही असे काहीतरी मोटारीत असते, आणि ते आपल्याला २०१४ च्या जानेवारीत कळले. 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. आल्टो, नॅनो, फिगो, आय टेन आणि पोलो. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी मिळालेले तारे: शून्य. या गाड्या लाखो कुटुंबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून, काहींनी चालवूनही घेतल्या होत्या. ॲव्हरेज विचारले होते, डिकी उघडून पाहिली होती, गाणी लावून पाहिली होती. आदळली तर काय होईल, हे मात्र मिस्त्रीलाही सांगता येत नव्हते. आणखी एक गोष्ट त्या चाचणीत दिसली ती प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. तीच पोलो दोन हवेच्या पिशव्या बसवून आदळवली तेव्हा तिला चार तारे मिळाले. नाव एक, रूप एक, चालवताना अनुभव एक. फरक फक्त आत घडी घालून ठेवलेल्या पिशवीचा. पुढे २०१९ पासून चालकापुढची पिशवी सक्तीची झाली, मग शेजारच्या आसनापुढचीही. २०१८ च्या डिसेंबरात टाटांच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची पद्धत सुरू झाली. ती ऐच्छिक आहे. म्हणजे ज्या गाडीला तारे दिसत नाहीत तिच्याबद्दल दुकानात मुद्दाम विचारावे लागते.

ॲव्हरेजची गोष्टही अशीच. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर गाडी ठेवून, ठरावीक वेगाच्या ठरावीक चक्रात मोजलेला असतो. त्या रुळांवर ना घाट, ना मे महिन्यातले पंचेचाळीस अंश, ना मागच्या सीटवर लग्नाला निघालेले चार जण. यासाठी प्रयोगशाळेपेक्षा तीन वर्षे जुनी गाडी असलेला, आणि ती विकायच्या बेतात नसलेला, माणूस बरा. विकायच्या बेतातला माणूस हेडी होतो.

आता तर यवतमाळातच मोठमोठी दुकाने झाली आहेत. पूर्वी त्यासाठी नव्वद किलोमीटर अमरावतीला, नाहीतर दीडशे किलोमीटर नागपूरला जावे लागे. नवरात्र बसले की दुकानांत उभे राहायला जागा नसते. दसऱ्याला, धनत्रयोदशीला, पाडव्याला गाड्यांना झेंडूच्या माळा घालून एम. एच. २९ ची कुटुंबे फोटो काढतात. फेरी मागितली तर लगेच मिळते. पण ती कशी असते? घरातला एक पुरुष चाकावर, शेजारी विकणारा तरुण, मागे बायको आणि मूल. गुळगुळीत रस्त्याने बायपासपर्यंत जायचे, वळायचे, यायचे. दहा मिनिटे. थंड हवा चालू, गाणे चालू. मागे बसलेल्या बाईला कोणी काही विचारीत नाही. म्हातारी माणसे तर घरीच असतात. वस्तुतः त्या गाडीतला सर्वांत अधिक प्रवास मागच्या सीटवरच व्हायचा असतो. २०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात मोटार पुलाच्या कठड्यावर आदळून सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता हे सर्वांनी वाचले. त्यानंतर तरी मागे बसून पट्टा लावून पाहायला काय हरकत होती? तो लागतो का, म्हाताऱ्या हाताला त्याचे कुलूप सापडते का, मधल्या माणसाला तो आहे का?

गेल्या दसऱ्याच्या आधी आमच्या बाजूच्या एका कास्तकार कुटुंबाने मात्र फेरी कशी घ्यावी ते दाखवले. दुकानाची गाडी दारात आली तेव्हा म्हातारा, म्हातारी, मुलगा, सून आणि नातू असे पाचही जण तिच्यात बसले. डिकीत खताचे एक पोते टाकले. गाव संपले तसे म्हाताऱ्याने वावराच्या पांदणीकडे बोट दाखवले. विकणारा पोरगा कासावीस झाला.

"काकाजी, कंपनीची परवानगी डांबरी रस्त्यापुरतीच आहे."

"मंग बाप्पा, आमचं वावर काई डांबरावर नाही. डांबरापुरती घेऊन कराचं काय?"

पोराने मालकाला फोन लावला. काय बोलणे झाले कोण जाणे, पण गाडी पांदणीत उतरली. हळूहळू धुऱ्यापर्यंत गेली. दोनदा तिचे पोट दगडाला घासले. मुलगा काहीच बोलला नाही, सुनेने नवऱ्याकडे पाहिले. परत आल्यावर म्हातारी उतरायला लागली. तिने दाराची वरची कड धरली, एक पाय बाहेर टाकला, आणि तशीच थोडा वेळ अडकून राहिली. सीट खोल होती. नातवाने हात दिला तेव्हा ती उठली.

"चांगली हाय," ती म्हणाली, "पन बसली का उठता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून गाडी मागवली गेली. तेच पोते, तीच पांदण.